परवाचा प्लग

काकांच्या गाडीचा चौथा प्लग माझ्या हातून पडला होता, त्यांच्या मेकॅनिकच्या, म्हणजे उस्तादांच्या, नाही. हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे मी काकांबद्दल बऱ्याच तक्रारी करणार आहे, आणि त्या वाचताना कुणालाही माझी बाजू घ्यावीशी वाटेल. ती कुणी घेऊ नये.

काका म्हणजे आमचे हैदराबादचे, हिमायतनगरातले घरमालक. नोकरीसाठी पुण्याहून हैदराबादला आलो तेव्हा त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही नवरा-बायको भाड्याने राहत होतो. माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्या कुणी केल्या हे लेखी कळवायचं. काकांचं घराणं मूळचं परभणीकडचं, निजामाच्या काळात इकडे आलेलं. ते स्वतः सरकारी खात्यात नकाशे काढून निवृत्त झाले होते. घरात मराठी बोलत, भाजीवालीशी तेलुगू आणि गाडीच्या इंजिनाशी उर्दू. इंजिनाला मराठी कळत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. उस्तादनं वाढवलंय त्याला, त्याचीच बोली कळणार, म्हणायचे.

गाडी क्रीम रंगाची, जुन्या घाटाची, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीची. ती उभी असायची खालच्या पत्र्याच्या शेडमध्ये, म्हणजे बरोबर माझ्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली. रोज सकाळी सहाला काका ती चालू करत. कुठे जायचं असो वा नसो. अर्धा तास ती जागच्या जागी गुरगुरत राही आणि धूर आमच्या मच्छरदाणीत येई. मी एकदा खाली जाऊन तक्रार केली. काकांनी बॉनेटवर हाताची मागची बाजू ठेवली, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तशी, आणि मला विचारलं, "पुणेकर, तुम्ही उठल्या उठल्या पळायला लागता का?" मी नाही म्हणालो. "मग हिला काहून पळवता?"

त्यांनी मला नावाने कधीच हाक मारली नाही. मी कायम पुणेकर.

ते गाडी चालवायचे ते रस्त्याच्या मधोमध आणि हॉर्न न वाजवता. हॉर्न म्हणजे अंगावर ओरडणं, असं त्यांना वाटे. समोर कुणी आडवं आलं की काच खाली करून, मान बाहेर काढून ते म्हणत, "जरा बाजूला होता का जी?" मागचे सगळे हॉर्न वाजवत असायचे ते वेगळं. बाजूला बसलेल्या माणसाला तोंड लपवायला जागा नसायची, आणि पुष्कळदा तो माणूस मी असायचो. कारण काकूंचे गुडघे दुखत, त्यांना रिक्षात चढता येत नसे, आणि त्यांना कुठे नेताना आणताना हात द्यायला कुणीतरी लागे. काकू स्वतः या सगळ्याकडे फार अपेक्षेनं बघत नव्हत्या. मी चक्कर येऊन पडले तर हे आधी बॉनेट उघडतील, असं त्या मला शांतपणे सांगत.

पण खरी डोकेदुखी होती ती 'परवा'ची.

राहायला गेलो आणि पहिल्याच आठवड्यात पाण्याची मोटर बंद पडली. काका म्हणाले, परवाच दुरुस्त केली होती. मी चिडून म्हटलं, मग त्याच माणसाला बोलवा, दोन दिवसांत बिघडते म्हणजे काय. काकू आतून म्हणाल्या की तो माणूस वारला, आमच्या मुलीच्या लग्नाआधी. इथल्या बोलीत 'परसों' म्हणजे आजच्या मागचा कुठलाही दिवस, आणि काकांच्या मराठीत तोच 'परवा' होऊन बसला होता. वडिलांनी घर बांधलं ते परवा, मुलगी परदेशी गेली ती परवा आणि दूध उतू गेलं तेही परवा. मी एकदा त्यांना समजवायला गेलो.

"तुमच्या पुण्यात परवा म्हणजे काय असतं?" त्यांनी विचारलं.

"कालच्या आदला दिवस."

"आणि त्याच्या मागचा?"

"तेरवा."

"त्याच्या मागचा?"

"तारीख सांगतो आम्ही."

"तारीख?" काकांना माझी खरोखर कीव आली. "घरातल्या घरात?"

शेवटी मी माझ्यापुरता नियम करून टाकला. काकांचा परवा म्हणजे काही वर्षं. हा नियम इतका चोख चालला की मला त्याचा अभिमान वाटू लागला. आणि त्यानंच घात केला.

एकदा काका-काकू लग्नासाठी नांदेडला निघाले. रेल्वेने, कारण गाडीला लांबचा प्रवास सोसत नाही. जाताना काका म्हणाले की प्लग परवाच बदललेत, तेव्हा गाडीची काळजी नाही, फक्त उंदरांवर लक्ष ठेवा. मी मनात हिशेब केला: परवा म्हणजे काही वर्षं, म्हणजे प्लग काजळीनं भरलेले असणार. प्लग म्हणजे पेट्रोलच्या वाफेला ठिणगी देणारी बोटभर कांडी, पांढऱ्या चिनी मातीची. तो काळा झाला की इंजिन नीट पेटत नाही आणि धूर करतं, हे मी मोबाइलवर बघितलेलं होतं. मला वाटलं, प्लग साफ करून टाकावेत, म्हणजे धूर कमी होईल आणि सकाळचा अर्धा तासही कमी होईल. यात काकांना मदत करण्याचा भाग नव्हता. मला झोप हवी होती.

दुपारी बॉनेट उघडलं. डिकीतला पाना घेतला. पहिला प्लग काढला तर तो नवा कोरा. दुसरा, तिसराही तसेच चकचकीत. काकांनी आयुष्यात एकदा 'परवा' हा शब्द पुण्याच्या अर्थानं वापरला होता. मी घाईघाईत ते परत बसवायला लागलो. चौथा प्लग पार मागे, हात पोचायला अवघड. तो बसवताना फाटक वाजलं. कुरियरवाला होता. पण मी दचकलो आणि प्लग हातून निसटून शहाबादी फरशीवर पडला. आवाज अगदी बारीक झाला, चमचा पडावा तसा. उचलून बघितला तर पांढऱ्या भागावर एक केस चिकटला होता. मी तो रुमालानं पुसला. निघाला नाही. पुन्हा पुसला. मग प्लग जागेवर बसवला आणि त्याच्यावर वायरची रबरी टोपी दाबली.

तो केस नव्हता, हे मला तेव्हाच कळलं होतं.

काका परत आले आणि आठवड्याभरात गाडी मिसिंग मारायला लागली. चौघं मिळून कपाट उचलत असावेत आणि एकानं मधूनच हात काढून घ्यावा, तसं इंजिन करायचं. घरी उभी असताना गाडी ठणठणीत. थंड असतानाही ठीक. पण चांगली तापली आणि चढ लागला, म्हणजे नारायणगुड्याच्या पुलावर गेली, की हिसके द्यायची. जोर पडला की ठिणगी त्या चिरेतून पळून जात होती, हे मी नंतर वाचलं.

आता उस्तादांबद्दल सांगायला हवं. आबिड्सच्या पोस्टामागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज. काकांनी गाडी घेतली त्या दिवसापासून तिला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. दर रविवारी सकाळी उस्ताद घरी येत. मेंदी लावलेली दाढी, खिशात एकच स्क्रू-ड्रायव्हर. गाडीला काही झालेलं नसायचं. दोघं दोन स्टुलांवर बसून बॉनेटमध्ये डोकी घालत, कार्ब्युरेटरचा स्क्रू जरासा आत घेत, त्यावरून भांडत आणि होता तिथेच परत आणून ठेवत. उस्ताद चहा नक्को म्हणत आणि मग दोन कप पीत. काकांच्या वयाचे बाकीचे मित्र एकेक करून गेले होते किंवा मुलांकडे गेले होते. आठवड्यात त्यांना नावं ठेवणारा एवढाच एक माणूस उरला होता.

मिसिंग सुरू झाल्यावर रविवारचा एक तास अख्खी सकाळ खाऊ लागला. ठिणगी पोचवणारा एकेक भाग धुंडाळला: पॉइंट घासून झाले. कंडेन्सर बदलला. कॉइल बदलली. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून बघितली. प्रत्येक वेळी इंजिन सारखंच दचकलं, म्हणजे चारही सिलिंडर काम करत होते. घरी ते करतच होते. मला सायलेन्सरच्या तोंडाशी कागद धरून उकिडवं बसवलं जाई. धूर एकसारखा येतो की अडखळत, हे मी ओरडून सांगायचं. प्लग काढून उस्ताद त्यांची टोकं बघत. टोकं स्वच्छ होती. त्यांनी स्वतःच्या हातांनी नुकतेच बसवलेले प्लग, ते कशाला वरपासून खालपर्यंत न्याहाळतील?

मी एकदा खाकरून म्हणालो, "काका, प्लग एकदा बदलूनच बघू या का?"

"परवाच बदललेत," काका म्हणाले. उस्ताद माझ्याकडे बघून हसले. सॉफ्टवेअरवाल्याला काय कळतं, असं ते हसणं होतं, आणि मी ते आनंदानं स्वीकारलं. सांगून झालं, आता माझी जबाबदारी संपली, असं मी स्वतःला समजावलं.

मग तो पुलावरचा दिवस. काकूंना गुडघ्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. पुलाच्या ऐन चढावर गाडीनं हिसके दिले आणि बंद पडली. मागे बस, बसच्या मागे सगळं हैदराबाद. काका खाली उतरून प्रत्येकाला "जरा बाजूने जाता का जी" म्हणत उभे. काकू आत घामाघूम. एका मोटारसायकलवाल्यानं जाता जाता काकांना 'हौला' म्हटलं, म्हणजे येडा. हा शब्द त्यांना लागला. मी आणि दोन अनोळखी माणसांनी गाडी ढकलून खाली आणली, आणि सगळ्या वेळात मला फक्त एकच गोष्ट दिसत होती: रबरी टोपीखालचा तो केस.

पुढच्या रविवारी उस्ताद आले. मी जिन्यावर चहाचा कप घेऊन उभा होतो. काकांनी स्टूल पुढे केलं नाही.

"तुम हात लगाए तब से बिगडी," काका म्हणाले. "परसों प्लग डाले, तब से."

उस्तादांनी बॉनेटला हात लावला नव्हता, तरी खिशातून फडकं काढून हात पुसले. "हौ साब," ते म्हणाले. "मेरे हाथां खराब हो गए. अब दुसरा हात देख लो." आणि फाटक सावकाश लावून गेले.

जिन्यावरून खाली यायला मला सात-आठ पायऱ्या होत्या. मी चहा संपवला.

त्यानंतरचे महिने मला माझी शिक्षा म्हणून मिळाले होते असं आता वाटतं. तेव्हा मात्र मी फक्त वैतागलेला होतो. काकांनी निदान करायचं काम स्वतःच्या हातात घेतलं आणि दर रविवारी उस्तादांच्या जागी मला धरलं. त्यांचं प्रत्येक निदान मागच्यापेक्षा भयंकर. आधी पेट्रोल भेसळीचं ठरलं, म्हणून आम्ही गावातल्या निरनिराळ्या पंपांवर जाऊन थोडं थोडं पेट्रोल भरलं. मग उकाडा ठरला, म्हणून टाकीतलं पेट्रोल ओढून घेणाऱ्या, इंजिनावरच्या छोट्या पंपाला काकांचा ओला पंचा गुंडाळला आणि दर चौकात मी उतरून त्यावर तांब्यातलं पाणी ओतलं. शेवटी त्यांना उलगडा झाला. मेट्रो.

"मेट्रो?" मी म्हणालो.

"वरून एवढा करंट जाऊ लाला. खालच्या गाडीच्या ठिणगीला ओढणार नाही का?"

मी शाळेत शिकलेलं सगळं त्यांना सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "मग पुलावरच का मिसिंग मारते, सांगा." याचं उत्तर जगात मला एकट्याला माहीत होतं. काकांनी मागच्या बंपरला हातभर लोखंडी साखळी बांधली, जमिनीला टेकणारी. मेट्रोचा करंट जमिनीत जावा म्हणून.

माझा संयम त्या दिवशी संपला. काका जेवून झोपल्यावर मी आबिड्सला जाऊन, उस्तादांची गल्ली टाळून, एक नवा प्लग आणला आणि चौथ्याच्या जागी बसवला. जुना खिशात टाकला.

संध्याकाळी काका मला घेऊन पुलावर गेले. गाडी लोण्यासारखी चढली. मागे साखळी खणखणत होती. काकांनी पुलाच्या टोकाला गाडी उभी केली, माझ्याकडे वळले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरू शकत नाही. ते म्हणाले, "बघा. उस्तादला नाही सापडलं."

माझ्या चोरट्या दुरुस्तीचा हा परिणाम मी धरलाच नव्हता. गाडी बिघडलेली होती तोवर उस्ताद कदाचित निर्दोष ठरले असते. आता ती सुधारली, आणि ते कायमचे दोषी ठरले. काका गल्लीतल्या प्रत्येकाला साखळीची कथा ऐकवू लागले. एका शेजाऱ्यानं तर आपल्या स्कूटरलाही साखळी बांधली. जितकं मोठ्यानं काका सांगत तितकं मला कळत होतं की ते कुणाला उद्देशून सांगतायत, आणि तो माणूस येत नव्हता. रविवारी काका दोन्ही स्टुलं बाहेर काढत. दुसऱ्यावर मी बसलो की म्हणत, "ते हलतंय, तुम्ही उभे राहा." ते हलत नव्हतं.

पुढे आम्ही दिलसुखनगरला घर घेतलं. सामान बांधताना तो प्लग कपाटाच्या खणातून निघाला आणि नव्या घराच्या खणात गेला. मी रोज ऑफिसात लोकांच्या चुकांच्या नोंदी करत होतो, नाव घालून.

यंदा उन्हाळ्यात काकूंचा फोन आला. गाडी देऊन टाकायची ठरलीय, मुलगी म्हणते आता बास. "हे काही बोलत नाहीत," काकू म्हणाल्या. "काल म्हणाले, गाडी जाण्याआधी उस्तादनं एकदा बघितली असती. मी म्हटलं, मग जा की. तर म्हणे, कोणत्या तोंडानं जाऊ." मग त्या गुडघ्यांबद्दल बोलत राहिल्या. मी काही ऐकलं नाही.

मी प्लग खिशात घालून हिमायतनगरला गेलो. रविवार होता. शेडमध्ये दोन स्टुलं. काका खूप वाळले होते. मी तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फरशी, केस, टोपी, नवा प्लग. मला वाटलं होतं ते रागावतील, त्यांचा आवाज कापेल, किंवा माझा तरी. काकांनी चष्मा वर केला, प्लग उन्हात धरला आणि विचारलं, "कुठल्या सिलिंडरचा?"

"चौथ्या."

"म्हणून घरी टेस्ट लागत नव्हती," ते म्हणाले. त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. तो आनंद बघून मला त्यांचा राग यायला लागला होता, शपथेवर सांगतो. "तापल्यावर चीर उघडत असणार. चढाला जोर पडला की गेली ठिणगी." मग प्लग माझ्या हातात परत देऊन ते स्टुलावर बसले.

"मी त्याला तसं बोललो," ते म्हणाले. "तुम्ही ऐकलं होतं ना?"

"जिन्यावर होतो."

"हौ." मग म्हणाले, "उस्तादला सांगितलं?"

"नाही."

"मग मला काहून सांगू लाले? बसा गाडीत."

बसण्याआधी अर्थातच अर्धा तास गाडी तापवली गेली. मी साखळी सोडू का विचारलं. "राहू द्या," काका म्हणाले, "तिचं काय नुकसान आहे." आबिड्सपर्यंतच्या साध्या रस्त्याला आम्हाला कायच्या काय वेळ लागला, कारण मेट्रो टाळायची म्हणून गल्लीबोळांतून गेलो. खरं कारण कळल्यावरही टाळायची. पोस्टामागच्या गल्लीत वळलो तेव्हा साखळी दगडांवर एवढी खणखणत होती की लोक दारात आले.

उस्ताद गॅरेजच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. दाढीला आता मेंदी नव्हती. त्यांनी गाडी ओळखली, काकांना बघितलं, आणि मग बराच वेळ बंपरकडे बघत राहिले.

"ये जंजीर कैकू, साब?"

काकांनी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "सांगा, पुणेकर," म्हणाले.

मी उतरलो. उस्तादांसमोर खाली बसलो, कारण उभं राहून सांगता आलं नसतं, आणि प्लग त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो फिरवला. नखानं चीर चाचपली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, गाडीत बसलेल्या काकांकडे बघितलं, आणि अगदी हळू विचारलं, "कब की बात है ये?"

महिना, वार, दुपारची वेळ, सगळं मला पाठ होतं. इतकी वर्षं मी ती तारीख सांभाळली होती.

"परसों की, उस्ताद," मी म्हणालो. "मेरे हाथ से गिरा था. मैं चुप रहा. माफ करना."